आईकडून आलेलं

माझ्या भावानं काढलेल्या शेवटच्या लग्नाच्या फोटोंमध्ये सगळी माणसं उजव्या कडेला सरकलेली आहेत. नवरा-नवरी, करवल्या, आहेर करायला आलेले पाहुणे, सगळे एका बाजूला दाटीवाटीनं उभे, आणि डावीकडचा अर्धा फोटो नुसता. तिथं रिकाम्या खुर्च्या, मंडपाचा खांब, उभा पंखा, नाहीतर कुणाचा तरी पाठमोरा खांदा. लग्न देगलूरकडचं होतं. भावाचा नांदेडमध्ये लहानसा स्टुडिओ होता आणि लग्नसराईत तो गावोगावच्या ऑर्डरी घ्यायचा. त्या दिवशी सकाळपासून त्याचं डोकं ठणकत होतं, मधेच उलटीही झाली होती. ऊन लागलं असेल म्हणून लिंबूपाणी प्यायला आणि काम उरकून रात्री घरी आला.

आठवड्यानं नवरीचा मामा स्टुडिओत येऊन भांडला. "पिऊन काढलेत का फोटो?" असं चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. भाऊ दारू काय, चहासुद्धा बेतानं प्यायचा. त्याला काय उत्तर द्यावं तेच कळेना, कारण फोटोंत काय बिघडलंय ते त्याला दिसतच नव्हतं.

मी लातूरला असते. लग्नानंतर तिकडेच गेले, आणि एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. त्या रविवारी मी नांदेडला माहेरी आले होते. भावानं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला.

"अक्का, तूच बघ. काय खराबी हाय ह्याच्यात?"

"माणसं कडेला का घेतलीस रे?"

"कडेला? मधीच तर हायत."

मला वाटलं, चेष्टा करतोय. मग मी त्याला माझ्या नाकाकडं बघायला सांगितलं आणि डावीकडून हात हळूहळू त्याच्या चेहऱ्यासमोर आणत गेले. हात पार नाकापर्यंत आला तेव्हा तो दचकला. "कुठून आणलास गं हात?" म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही. मी पुन्हा तेच केलं. पुन्हा तो तेवढाच दचकला.

स्वयंपाकघरातून आई बघत होती. आमच्या आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिचं माहेर उदगीर, घरात निम्मी कानडी, त्यामुळं आई ती अव्वा, मोठी बहीण ती अक्का आणि वडील ते अप्पा. अव्वाला चाळिशीच्या आतच ऐकू कमी यायला लागलं होतं. ती आमचे ओठ बघून अर्धं समजायची आणि उरलेलं आपल्या मनानं जुळवायची. "काय खेळून राहिले गं तुम्ही?" तिनं विचारलं. मी हात हलवून काही नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं ठरलं होतं. त्याआधी सकाळीच, दात घासताना, त्याला झटका आला. डावा हात आधी थरथरला, मग सगळं अंग. मी लातूरची गाडी सोडून दिली.

डोक्याचा फोटो काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, पॅरालिसिससारखं दिसतंय. या वयात? अप्पांनी विचारलं. अप्पांचं किराणा दुकान, माणूस शांत, पण त्या दिवशी ते तोच प्रश्न प्रत्येकाला विचारत होते. वॉर्डबॉयलाही विचारला. मग मेंदूच्या डॉक्टर आल्या. तरुण बाई होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी भावाला फार काही विचारलं नाही. शाळेत पळताना लवकर थकायचास का, एवढंच विचारलं. तो हो म्हणाला. लहानपणापासून तो मैदानावरून लवकर परत यायचा आणि अप्पा त्याला आळशी म्हणायचे. नंतर डॉक्टर अव्वाकडं वळल्या.

"मावशी, तुम्हाला ऐकायला कधीपासून कमी येतं?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

अव्वाला बरं वाटलं. दवाखान्यात तिच्याशी कुणी बोलत नसे, सगळे माझ्याशीच बोलत. तिनं पदर सावरला आणि सगळं सांगायला लागली. "ह्याच्या जन्मानंतर दोन-चार सालांनी कमी झालं बघा. आमच्यात हायच ते. माझ्या आईलाबी ऐकू येत नव्हतं. उदगीरला बहीण हाय, तिलाबी न्हाई."

"शुगर आहे?"

"हाव, हाय की. बहिणीलाबी हाय. मी एवढी वाळकी, मला कशी लागली शुगर, सगळेच म्हणतात."

"तुमच्या भावंडांत कुणाला झटके यायचे?"

"माझा धाकटा भाऊ होता. त्याला यायचे. बाहेरचं म्हणून लई फिरवलं त्याला. माहूरला नेलं, कुठंकुठं नेलं. लगीन झालं न्हाई, तसाच गेला पोरगा."

डॉक्टर लिहून घेत होत्या. अव्वा मन लावून उत्तरं देत होती, एखादा भाऊ, एखादी मावशी सांगायची राहून जाऊ नये म्हणून आठवून आठवून बोलत होती. मला मात्र कुठं चाललंय ते दिसायला लागलं होतं. तिला थांबवावं असं वाटत होतं, पण काय म्हणून थांबवणार?

रक्त आणि लघवी हैदराबादला पाठवली. निकाल यायला बरेच आठवडे लागले. तोवर भाऊ घरी आला होता. डावीकडचं थोडंफार दिसायला लागलं होतं, पण तो कॅमेऱ्याचं नाव काढत नव्हता. निकाल घ्यायला मी एकटीच गेले. डॉक्टरांनी सांगितलं ते मी दर वर्षी शिकवते. पेशीच्या केंद्रकात आईचं निम्मं आणि बापाचं निम्मं असतं. पण केंद्रकाबाहेर तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, असतात, त्यांचा स्वतःचा थोडासा डीएनए असतो, आणि तो फक्त आईकडून येतो. बापाच्या तंतुकणिका गर्भात टिकत नाहीत, पेशी त्या मोडून टाकते. भावाच्या तंतुकणिकांमधल्या त्या डीएनएत एका ठिकाणी एक अक्षर बदललेलं होतं. पेशीला लागणारी ताकद तिथंच तयार होते. ती कमी पडली की ज्याला जास्त ताकद लागते ते आधी बंद पडतं. मेंदू, डोळा, कान, स्नायू.

"उपाय?" मी विचारलं.

"जपायचं. ताप येऊ द्यायचा नाही, उपाशी राहू द्यायचं नाही. काही गोळ्या देते, त्यांनी थोडाफार फरक पडेल कदाचित." मग म्हणाल्या, "आणि मॅडम, तुम्हाला मुलं आहेत?"

मला एक मुलगी होती. तेव्हा ती पहिलीत होती.

घरी आले तेव्हा अव्वा आत भाकरी करत होती. मी पुढच्या खोलीत अप्पांना सांगितलं. सोपं करून सांगितलं, पण आईकडून येतं हे सांगावंच लागलं, कारण अप्पा सारखे विचारत होते की मग मला काही नाही, माझ्या भावांना काही नाही, ह्यालाच कसं झालं. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "म्हणजे हिच्या माहेरचंच हाय की हे!"

अप्पांना वाईट बोलायचं नव्हतं, असं मला अजूनही वाटतं. पण आमच्या घरात वर्षानुवर्षं सगळे मोठ्यानंच बोलायचो. अव्वासाठी लागलेली सवय. हळू बोलणं आम्ही सगळे विसरलो होतो. ते वाक्य अप्पांनी त्याच आवाजात म्हटलं.

आतली भाकरी थापायची थांबली. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली. जेवायला बसलो तेव्हा अव्वानं सगळ्यांना वाढलं, भावाच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि तिचं तिनं ताट घेतलं नाही. भूक न्हाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात तूर निवडत बसली होती. मी शेजारी बसले आणि सूप ओढून घेतलं. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "तू पोरांना शिकवतीस ना? मला सांग मग. माझ्यातून कसं गेलं त्याच्यात?"

मी सांगायला लागले. तिनं माझ्या ओठांकडं बघितलं. मला मोठ्यानं बोलावं लागत होतं आणि शेजारच्या गच्चीवर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं, तरीही मी बोलले. एकेका पेशीत तंतुकणिका खूप असतात आणि त्या डीएनएच्या नकला शेकड्यांनी असतात. तुझ्यात काही चांगल्या आहेत, काही खराब. त्या सारख्या नव्या होत असतात, जुन्या मोडत असतात. बाईच्या पोटातलं अंडं तयार होतं तेव्हा त्यातल्या थोड्याच पुढं जातात आणि त्यांच्यापासूनच पुढच्या सगळ्या होतात. कुणाच्या वाट्याला खराब जास्त येतात, कुणाच्या कमी. माझ्या वाट्याला कमी आल्या असतील. त्याच्या वाट्याला जास्त आल्या. ह्यात तुझं काहीच नाही. तुझ्यात तुझ्या आईकडून आलं, तिच्यात तिच्या आईकडून.

तिनं सुपातला एक किडका दाणा उचलून बाजूला टाकला.

"मंग अंग निवडून का टाकत न्हाई खराब?"

"टाकतं की. पेशी मोडक्या तंतुकणिका ओळखते, खाऊन टाकते. रक्तात तर वय वाढतं तसं खराबाचं प्रमाण कमी होत जातं, म्हणून लघवीही तपासायला लागते. रक्ताच्या पेशी सारख्या नव्या होतात, तिथं निवड होते."

"आन् डोक्यात?"

"मेंदूच्या पेशी नव्या होत नाहीत गं. आहेत त्याच जन्मभर. तिथं खराब राहतं, कधी कधी वाढतंही."

"जिथं निवडाया पायजे तिथंच न्हाई," एवढं म्हणाली आणि सूप माझ्या हातातून परत घेतलं. मी निवडलेल्या तुरीतून तिनं पुन्हा एकदा हात फिरवला. त्यानंतर तिनं हा विषय माझ्याशी कधी काढला नाही. पण तेव्हापासून ती भावाच्या खोलीत झोपायला लागली. ऐकू येत नव्हतं, म्हणून त्याचा हात हातात धरून झोपायची. थरथरला तर कळावं म्हणून.

भावानं स्टुडिओ मित्राला चालवायला दिला. तो स्वतः घरीच असायचा, माझ्या लेकीला फोनवर कोडी घालायचा, अप्पांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचा. एकदा मला म्हणाला, "अक्का, तुझ्यात कमी अन् माझ्यात जास्त, हे कुणी ठरवलं?"

"कुणीच नाही."

"कुणीतरी ठरवलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं."

पुढच्या उन्हाळ्यात त्याला साधा ताप आला. तापात खाणं सुटलं, मग डोकं, मग उलट्या, मग झटके, एकामागून एक. आम्ही पुन्हा त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरांकडं. त्यांनी जे करता येईल ते सगळं केलं. शेवटचे काही दिवस त्याला दिसत नव्हतं. आवाजावरून ओळखायचा. अव्वा त्याच्याशी बोलायची, तो उत्तर द्यायचा, पण त्याचे ओठ जेमतेम हलायचे, तिला कळायचं नाही, आणि तिचे हातवारे त्याला दिसायचे नाहीत. मग मी मधे उभी राहून त्याचं बोलणं तिच्या कानाशी पुन्हा सांगायचे. "पाणी मागतोय." "पाय दाबू नको म्हणतोय." "तू जेवलीस का विचारतोय." असं ते दोघं बोलायचे.

तो गेला तेव्हा पहाट झाली होती. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. त्याला अंघोळ घातली, विभूती लावली, खुर्चीवर बसवून फुलांनी बांधलं. अप्पांनी त्याच्या गळ्यातलं लिंग काढून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटली. बोटं मिटेनात. अप्पा परत परत मिटत राहिले. शेवटी विधी करणारे जंगम म्हणाले, "राहू द्या आता." भाऊ त्या खुर्चीवर एका बाजूला कलला होता आणि वाटभर दोघं जण त्याला सरळ धरून चालत होते.

अप्पांनी ते वाक्य कधी मागं घेतलं नाही. पण त्यानंतर कुणी भेटायला आलं की ते अव्वाच्या ज्या कानाला थोडं ऐकू येतं त्या बाजूला जाऊन बसायचे आणि आलेला माणूस जे बोलेल ते एकेक वाक्य तिच्या कानात सांगायचे. आधी हे ते कधीच करत नसत. दुकानातसुद्धा तिला स्टुलावर बसवायला लागले. ती बसायची.

लातूरला परत आले आणि क्लास सुरू झाला. त्या वर्षी पेशीचा धडा आला तेव्हा मी तो दुसऱ्या सरांना देऊ शकले असते. दिला नाही. मोठ्या हॉलमध्ये पोरं खच्चून भरलेली, पंखे गरगरत होते. मी फळ्यावर तंतुकणिका काढली, आतल्या घड्या काढल्या, गोल डीएनए काढला आणि म्हणाले, हा फक्त आईकडून येतो. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग आईत बिघाड असला तर सगळ्या लेकरांना होतो का?" मी म्हणाले, जातो सगळ्यांत, पण कमीजास्त. "म्हणजे किती कमीजास्त?" मी म्हणाले, ते आधी सांगता येत नाही. तिनं ते वहीत लिहून घेतलं. मी फळा पुसला आणि तास संपल्यावर खडू हातात तसाच घेऊन बाहेर आले.

माझीही तपासणी झाली होती. रक्तात थोडं, लघवीत त्याहून जास्त. माझे कान अजून ठीक आहेत, शुगर नाही. मुलीचं काय, हा प्रश्न घरात रोज असायचा. माझे मिस्टर म्हणायचे, एकदा कळून तर जाऊ दे. आम्ही हैदराबादच्या आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरांकडं गेलो. ते वयस्कर होते, सावकाश बोलायचे. "मुलगी ठणठणीत आहे ना? मग आकडा कळून काय करणार? इलाज नाही. आकडा जास्त निघाला तर तुम्ही तिला खेळू देणार नाही, पळू देणार नाही. कमी निघाला तरी तुमची भीती जाणार नाही. ती मोठी झाली की तिला सांगा, तिचं ती ठरवेल." मुलीची तपासणी आम्ही केली नाही. दुसरं मूल नको, हे आम्ही एकमेकांना कधी म्हणालो नाही. सासूबाई विचारायच्या तेव्हा दोघंही वेगवेगळी कारणं सांगायचो.

निघताना त्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. आईच्या बाजूच्या बायकांना कळवा. बहिणी, बहिणींच्या मुली.

अव्वाची बहीण म्हणजे माझी मावशी, उदगीरला. तिला एक मुलगी. मावशीचे कानही अव्वाइतकेच गेलेले. तरी दोघी बहिणी रोज दुपारी फोनवर कानडीत ओरडून बोलायच्या. एकीचं दुसरीला फार ऐकू जात नसणार. अव्वा भाजीचं सांगायची, मावशी पावसाचं, आणि दोघींचं समाधान व्हायचं.

मी उदगीरला गेले तेव्हा मावसबहिणीचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा निलंग्याकडचा, चांगला शिकलेला. ती घरी नव्हती, औषधाच्या दुकानात कामाला होती. मी मावशीला सगळं सांगितलं. सांगताना दार लावून घेतलं होतं, पण आवाज मोठाच होता. मावशी ऐकत होती, आणि मी बोलायची थांबल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरले.

"बेडा," ती म्हणाली. कानडीत नको म्हणजे बेडा. मग मराठीत म्हणाली, "तू शिकलेली हायस, तुझं खरं असंल. पण हे कुणाला बोलू नको. लगीन होऊन जाऊ दे. मंग बघू."

"मावशी, तिला तरी सांगायला पाहिजे."

"तिला सांगितलं तर ती त्याला सांगंल. मी वळखते माझ्या पोरीला." तिचे डोळे भरले होते. "मला झाली ना मुलगी? हाय ना धडधाकट? तुझ्या आईचं नशीब फुटलं म्हणून माझ्या पोरीचं फोडायला आलीस का?"

मी परत आले. कुणालाही काही बोलले नाही. मावशीनं जे म्हटलं ते मला पूर्ण चूक वाटत नव्हतं, हीच अडचण होती.

पण शेजारपाजारी कुणाच्या तरी कानावर गेलं असावं, किंवा मावशीच झोपेत बोलली असेल. महिन्याभरात मावसबहीण लातूरला माझ्या दारात उभी होती. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "अक्का, दादाला काय झालं होतं ते मला सांग. खरं सांग. मामाला तेच होतं का?"

मी खरं सांगितलं. ती औषधांच्या दुकानातली, निम्मं तिला आधीच कळत होतं. सगळं ऐकल्यावर तिनं विचारलं, "तुला मुलगी झाल्यावर कळलं ना?"

"हो."

"आधी कळलं असतं तर?"

आतल्या खोलीत लेक मोठ्यानं पाढे म्हणत होती.

मावशीनं ओळखलं होतं तसंच तिनं केलं. मुलाला फोन करून सगळं सांगितलं. चार दिवसांनी त्याच्या घरून निरोप आला की पत्रिका पुन्हा दाखवली, जुळत नाही. वाईट बोलले नाहीत. पण उदगीर केवढंसं? पुढं स्थळं यायची बंद झाली. मावशीनं अव्वाला फोन करणं सोडलं. अव्वा दुपारी फोन हातात घेऊन बसायची. आधी तिनंच लावून पाहिला, मावशीनं उचलला नाही. मग तीही लावेना. दुपारी त्या वेळेला फोन शेजारी ठेवून नुसती बसायची, आणि अप्पा दुकानातून आत येऊन विनाकारण काहीतरी बोलत राहायचे.

जवळजवळ तीन वर्षं असं चाललं. मग शिरूर अनंतपाळच्या एका शिक्षकाशी मावसबहिणीचं जमलं. त्यांची पहिली बायको आजारात गेली होती. तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं, मला हे आहे, कमी आहे की जास्त, माहीत नाही, मुलाबाळांचं मी काही सांगू शकत नाही. ते म्हणाले, मी एकदा सगळं बघितलंय, मला आता भीती वाटत नाही. लग्न साधं झालं. मावशीनं अव्वाला पत्रिका पाठवली, पण स्वतः बोलावलं नाही, म्हणून अव्वा गेली नाही.

लग्नानंतर दीड-दोन वर्षांत तिला दिवस राहिले. ठरवून की न ठरवता, मी विचारलं नाही. तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती. पोटातच तपासणी करता येते का, तिला विचारायचं होतं. ती डॉक्टरांना भेटून आली. त्यांनी सांगितलं, करता येते, पण आकडा आला तरी तो बाळाच्या मेंदूत किती, स्नायूत किती, पुढं वाढेल की तेवढाच राहील, हे कुणीच सांगू शकणार नाही. तिनं केली नाही. "अक्का, मला निवडता येणार न्हाई," म्हणाली.

मुलगा झाला.

बारशाचं बोलावणं मावशीनं स्वतः फोन करून दिलं. अव्वाला फोनवर ऐकू येईना, तर मावशी तिकडून हुंदके देत बोलत राहिली, मग अप्पांनी फोन घेऊन ऐकलं आणि अव्वाच्या कानात सांगितलं, "तुला बोलवून राहिली. ये म्हणती." अव्वानं लगेच पातळ बदलायला घेतलं, जणू त्याच दिवशी जायचं होतं.

उदगीरला घर माणसांनी भरलेलं होतं. दोघी बहिणी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि एकमेकींना ऐकू न जाणाऱ्या कानडीत एकाच वेळी बोलायला लागल्या. पाहुण्या बायका मला कोपऱ्यात घेऊन म्हणत होत्या, बरं झालं बाई, मुलगा झाला, आता पुढं जाणार न्हाई, आता मिटलं. ज्यांना काही माहीत नसायला हवं होतं त्यांनाही सगळं माहीत होतं. मावशीच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा हसू होतं. "खरं ना गं?" तिनं मला विचारलं. "पोरगा हाय म्हणल्यावर त्याच्यापासनं पुढं जात न्हाई ना?"

"त्याच्या मुलांत जाणार नाही," मी म्हणाले. हे खरंच होतं. तिनं तेवढंच ऐकलं आणि लाडू वाटायला गेली.

मावसबहीण पाळण्याशेजारी बसली होती. तिनं आमचं बोलणं ऐकलं होतं. तिनं माझ्याकडं वर पाहिलं, मीही पाहिलं, आणि दोघींनीही नजर काढून घेतली. माझा भाऊही मुलगाच होता, हे त्या घरात आम्हा दोघींनाच आठवत असावं. किंवा तिसऱ्या अव्वाला. ती आली आणि बाळाला उचलून घेतलं. बाळ तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेलं होतं. तिनं त्याच्या मुठीतली बोटं एकेक करून उघडली, पाहिली आणि परत मिटली. मग मला म्हणाली, "वजन चांगलं हाय पोराचं." मी मान हलवली. मागून कुणीतरी नाव ठेवायला चला म्हणून हाक मारली, आणि अव्वाला ती ऐकू गेली नाही म्हणून मी तिच्या दंडाला धरून तिला पाळण्यापाशी नेलं.